मॉनिटर जोडताय? केबल सगळ्यात शेवटी घ्या

दिवाळीचा सेल संपला की पुढचे दोन आठवडे माझा फोन वाजत असतो. कुणी म्हणतं स्क्रीन काळीच आहे, नुसतं "नो सिग्नल" लिहून येतंय. कुणी म्हणतं ४केचा मॉनिटर घेतला पण माउस ढकलत ढकलत चालल्यासारखा वाटतो. कुणी १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा, घेतलाय आणि "काही फरकच कळत नाही रे, उगाच पैसे गेले" म्हणून माझ्यावरच चिडलेलं असतं. आणि प्रत्येक वेळी खोदून विचारलं की चूक तीच निघते, आधी केबल घेतली, ती खोबणीत बसली आणि बसली म्हणजे झालं काम असं गृहीत धरलं. भोकाचा आकार आणि त्या भोकातून काय वाहणार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत एवढं डोक्यात ठेवा, मग खालचा क्रम आपोआप पटेल. क्रम मोडू नका, एवढीच विनंती.

टप्पा १: आधी मागचा भाग बघा

मोबाईलचा टॉर्च लावा, कॉम्प्युटरच्या मागचा आणि मॉनिटरच्या खालचा असे दोन फोटो काढा. आठवणीवर जाऊ नका, "माझ्याकडे एचडीएमआय आहे बहुतेक" या बहुतेकनेच घात होतो.

ओळखायचं कसं? व्हीजीए बहुतेक वेळा निळा असतो, तीन ओळीत पंधरा पिना, दोन्ही बाजूला स्क्रू. हा ॲनालॉग, बाकी सगळ्यांपेक्षा जात वेगळी. एचडीएमआयचे खालचे दोन्ही कोपरे तिरके असतात. डिस्प्लेपोर्ट दिसायला तसाच पण त्याचा एकच कोपरा कापलेला असतो, घाईत लोकं एकाची केबल दुसऱ्यात रेटत बसतात. टाइप-सी म्हणजे नव्या मोबाईलच्या चार्जरचं असतं तेच छोटं गोलसर भोक, त्याची भानगड वेगळी आहे, पुढे येतो.

डीव्हीआय मात्र नीट निरखून बघा, जुन्या ऑफिसच्या मॉनिटरवर तो अजून भरपूर सापडतो. एका बाजूला आडवी चपटी पट्टी असते. त्या पट्टीच्या वर दोन आणि खाली दोन अशा चार सुट्या पिनांची भोकं असतील तर तो डीव्हीआय-आय, म्हणजे डिजिटल आणि ॲनालॉग दोन्ही. नुसती पट्टी असेल तर डीव्हीआय-डी, फक्त डिजिटल. आय प्रकारची केबल डीच्या खोबणीत जातच नाही, त्या चार पिना आडव्या येतात. पक्कड घेऊन त्या पिना तोडणारा माणूस मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय, कृपया ते करू नका, डी प्रकारची केबल मिळते. मग केबलच्या पिना मोजा. आठ-आठच्या तीन ओळी सलग भरलेल्या असतील तर ड्युअल लिंक, मधे रिकामी जागा सोडून नऊ-नऊचे दोन गठ्ठे असतील तर सिंगल लिंक. सिंगलवर १९२० बाय १२०० पर्यंत ६० हर्ट्झ मिळतात, ड्युअलवर २५६० बाय १६००. जुना २७ इंची मॉनिटर धूसर दिसतो म्हणून टाकून द्यायला निघालेले लोक असतात आणि दोष बिचाऱ्या सिंगल लिंकच्या केबलचा असतो.

तपासा: डेस्कटॉप असेल तर मागे चित्राची भोकं दोन ठिकाणी असू शकतात. यूएसबी आणि लॅनच्या शेजारी वरच्या बाजूला असतात ती मदरबोर्डची. खाली आडव्या पट्टीवर वेगळी असतात ती ग्राफिक्स कार्डची. कार्ड असेल तर मॉनिटर कार्डलाच जोडायचा.

हे इतकं साधं आहे की सांगायलाही लाज वाटते, पण माझ्या मामेभावाने चांगलं महागाचं कार्ड टाकून आठ महिने मॉनिटर मदरबोर्डला लावून गेम खेळले. चालत होतं ना! प्रोसेसरमधलं छोटं ग्राफिक्स सगळं ओढत होतं आणि कार्ड आत नुसतं पंखा फिरवत बसलेलं. एका अर्थी ज्यांचा प्रोसेसर इंटेलचा एफवाला आहे, म्हणजे नंबरच्या शेवटी एफ, ते नशीबवान, कारण त्यात ग्राफिक्सच नसतं, मदरबोर्डला लावलं तर चित्र येतच नाही आणि चूक लगेच कळते.

टप्पा २: किती चित्र पाहिजे त्याचा हिशोब

हा टप्पा सगळे टाळतात कारण गणित आहे. पाचवीतलं आहे, घाबरू नका. आडवे पिक्सेल गुणिले उभे पिक्सेल गुणिले सेकंदाला किती वेळा (म्हणजे हर्ट्झ) गुणिले २४ बिट (एका पिक्सेलच्या रंगाची माहिती). साधा फुल एचडी ६० हर्ट्झला १९२० × १०८० × ६० × २४ म्हणजे सेकंदाला साधारण ३ गिगाबिट. ४के म्हणजे ३८४० × २१६०, ६० हर्ट्झला तेच १२ गिगाबिटच्या आसपास जातं.

आता यात खाचखळगे. चित्राच्या कडेला रिकामा वेळही पाठवावा लागतो आणि एचडीएमआयच्या २.०पर्यंतच्या पद्धतीत दर ८ बिटांसाठी तारेवरून १० बिट जातात, म्हणून ४के ६०चे ते १२ तारेवर जाईपर्यंत १७.८२ होतात. एचडीएमआय २.०ची मर्यादा आहे १८. म्हणजे बादली अगदी काठोकाठ भरलीये. त्याच्या आधीच्या एचडीएमआय १.४ची मर्यादा १०.२ आहे, त्यात हे मावणारच नाही, मग तो काय करतो, ४के देतो पण ३० हर्ट्झवर. तो ढकलत चालणारा माउस आठवला? तोच हा. मॉनिटर बिघडलेला नसतो, मधे कुठेतरी १.४ बसलेला असतो.

सोयीसाठी सांगून ठेवतो. फुल एचडी ६० असेल तर टाइप-सी सोडून कुठलंही डिजिटल भोक चालेल, या टप्प्यातलं पुढचं वाचूही नका. २५६० बाय १४४० आणि १४४ हर्ट्झ पाहिजे तर एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ तरी हवा. ४के ६०लाही तेच. ४के १२० किंवा १४४ पाहिजे तर डिस्प्लेपोर्ट १.४ नाहीतर खरा एचडीएमआय २.१, आणि डिस्प्लेपोर्ट १.४वर १४४ गाठायला चित्र थोडं दाबून पाठवावं लागतं, त्याला डीएससी म्हणतात, ते कार्ड आणि मॉनिटर दोघांनाही यायला लागतं.

सावधान: "खरा" २.१ का म्हटलं? कारण नियमाप्रमाणे २.१ लिहायला ४८ गिगाबिट द्यावेच लागतात असं नाहीये, त्यातल्या बऱ्याच गोष्टी ऐच्छिक आहेत. म्हणून खोक्यावरचा आकडा वाचू नका. मॉनिटरचं मॅन्युअल कंपनीच्या साइटवरून उतरवा, त्यात कुठल्या भोकाला किती रिझोल्यूशनवर किती हर्ट्झ याचा तक्ता असतो, ते एकच पान बघा. एकाच मॉनिटरवर एचडीएमआयला ६० आणि डिस्प्लेपोर्टला १४४ असं सर्रास असतं. १४४चा मॉनिटर घेऊन "फरक कळत नाही" म्हणणाऱ्यांमधले निम्मे इथेच अडकलेले असतात, कारण खोक्यात एचडीएमआयची केबल मिळाली आणि तीच लावली.

टप्पा ३: कमजोर कडी शोधा

कागद घ्या. कॉम्प्युटरचं भोक, मधला अडॅप्टर किंवा हब (एका भोकाची अनेक भोकं करणारी डबी) असेल तर तो, केबल, मॉनिटरचं भोक, असं ओळीने लिहा आणि प्रत्येकापुढे त्याची मर्यादा लिहा. सगळ्यात लहान आकडा तुमचा. तीन कड्या सोन्याच्या आणि एक सुतळीची असेल तर साखळी सुतळीचीच.

लॅपटॉपवाल्यांनी इथे टाइप-सी नीट बघायचा. प्रत्येक टाइप-सीमधून चित्र येत नाही. भोकाशेजारी डी आणि पी एकमेकात गुंतलेलं चिन्ह असेल किंवा विजेच्या बाणासारखं थंडरबोल्टचं चिन्ह असेल तर चित्र येणार. काहीच चिन्ह नसेल तर लॅपटॉपच्या मॉडेल नंबरने कंपनीचं स्पेसिफिकेशनचं पान काढून बघा, "डिस्प्लेपोर्ट" हा शब्द तिथे सापडला पाहिजे. नाही सापडला तर त्यातून फक्त डेटा आणि फार तर चार्जिंग, कितीही महाग केबल आणा.

आणि मोबाईलच्या चार्जरची केबल लावून बघू नका. ती दिसते हुबेहूब तशीच, पण बहुतेकींमध्ये चित्राच्या तारा घातलेल्याच नसतात. "लॅपटॉप चार्ज होतोय म्हणजे केबल चांगली आहे" हे ऐकून ऐकून कान किटलेत माझे.

हबची गंमत अजून वेगळी. छोट्या हबच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात ४के लिहिलेलं असतं आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात ३० हर्ट्झ. ती मुंगी वाचा. मॅकवाले मंडळी, तुमच्यासाठी दोन गोष्टी: साधा एम१ किंवा एम२ असलेलं मॅकबुक केबलने एकच बाहेरचा मॉनिटर चालवतं, आणि दोन एचडीएमआयवाला हब लावला तर मॅकवर सहसा दोन्हीकडे एकच चित्र दिसतं, कारण एका वायरवरून दोन वेगळी चित्रं पाठवायची डिस्प्लेपोर्टची पद्धत मॅकमध्ये नाहीये. तोच हब विंडोजवर व्यवस्थित चालतो म्हणून दुकानदाराशी भांडण होतं, त्यात त्याची चूक नसते.

टप्पा ४: आता केबल

इतकं झालं की मग दुकानात जा. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, नाहीतर ऑनलाइन. मला एकदा एका दुकानात डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय केबल दिली, मी विचारलं उलटी पण चालेल का, म्हणजे लॅपटॉपचा एचडीएमआय आणि मॉनिटरचा डिस्प्लेपोर्ट, तर म्हणे "साहेब, वायर आहे, पाणी दोन्हीकडून जातं." नाही जात. कॉम्प्युटरच्या डिस्प्लेपोर्टमधून मॉनिटरच्या एचडीएमआयकडे साध्या केबलने सहसा जातं, कारण कॉम्प्युटरचा पोर्टच तेव्हा एचडीएमआयची भाषा बोलतो. उलट दिशेला भाषांतर करणारी चिप लागते, तिला वीज लागते, म्हणून अशा अडॅप्टरला यूएसबीची एक शेपटी असते. शेपटी नसलेला स्वस्त दिसला तर तो बहुतेक दुसऱ्या दिशेचा आहे.

तसंच व्हीजीएचं. लॅपटॉपच्या एचडीएमआयमधून जुन्या व्हीजीए प्रोजेक्टरला जायची डबी वेगळी, जुन्या कॉम्प्युटरच्या व्हीजीएमधून नव्या एचडीएमआय मॉनिटरला जायची वेगळी. शाळांमध्ये आणि सोसायटीच्या हॉलमध्ये कार्यक्रमाच्या पाच मिनिटं आधी हा घोळ हमखास होतो. डीव्हीआय ते एचडीएमआय मात्र सरळ, दोन्ही दिशांना चालतं, फक्त आवाजाची खात्री धरू नका.

एचडीएमआयच्या केबलला खरं तर आवृत्ती नंबर नसतो, "२.१ची केबल" ही विकणाऱ्यांची भाषा. केबलच्या जाती आहेत: हाय स्पीड, प्रीमियम हाय स्पीड म्हणजे १८ गिगाबिट, आणि अल्ट्रा हाय स्पीड म्हणजे ४८. शेवटच्या दोघींच्या खोक्यावर स्कॅन करायचं लेबल असतं, ते बघा. सोन्याचा मुलामा, जाड विणलेलं कव्हर, "८के" छापलेला प्लग, याला काही अर्थ नाही. आणि महाग केबलने रंग उजळत नाहीत, डिजिटलमध्ये आकडे पोचतात किंवा पोचत नाहीत.

लांबी दीड-दोन मीटर घ्या. घरभर फिरवायची म्हणून दहा मीटर घेतली आणि त्यावर ४के ६० मागितलं तर साध्या तांब्याच्या केबलला ते झेपत नाही, तिथे ऑप्टिकल केबल लागते आणि तिला दिशा असते. एका टोकाला सोर्स, दुसऱ्याला डिस्प्ले लिहिलेलं असतं. भिंतीत कन्सिल करण्याआधी वाचा, नंतर भिंत फोडावी लागेल.

सावधान: डिस्प्लेपोर्टची अगदी स्वस्त केबल घेऊ नका, याला कारण आहे. त्यातली २० नंबरची पिन ३.३ व्होल्टची असते आणि केबलमध्ये ती जोडायची नसते असा नियम आहे. काही केबल बनवणारे ती जोडून टाकतात. मग मॉनिटरची वीज कॉम्प्युटरमध्ये उलटी शिरते, पीसी बंद केला तरी आतले दिवे मिणमिणत राहतात, किंवा सकाळी पीसी सुरूच होत नाही आणि केबल उपटली की लगेच सुरू होतो. असं होत असेल तर एसएमपीएस, म्हणजे पीसीचा पॉवर सप्लाय, बदलायच्या आधी केबल बदला.

टप्पा ५: जोडणी, आणि अर्थिंग

सगळं बंद करून, प्लगचा स्विच ऑफ करून केबल लावा, मग वीज. डिजिटल केबल चालू असताना लावता येते हे खरंय, पण आपल्या घरांतलं अर्थिंग कसं असतं ते आपल्याला माहितीये. चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपच्या धातूच्या पाठीवर हात फिरवलात की मुंग्या आल्यासारखं होतं ना? तीच गळती केबल टेकवताना तिच्या टोकाच्या पत्र्यातून ठिणगी होऊन जाते आणि एचडीएमआयची चिप उडू शकते. टीव्हीला बाहेरून केबलवाल्याची वायर आलेली असेल तर अजूनच जपून.

कॉम्प्युटर आणि मॉनिटर एकाच तीन पिनी बोर्डवर लावा. प्लगची वरची जाड पिन मोडून दोन पिनीत घुसवणं हा आपला राष्ट्रीय खेळ आहे, तो इथे खेळू नका.

डिस्प्लेपोर्टच्या प्लगला दोन छोटे हुक असतात, लावताना टक असा आवाज येतो. काढताना प्लगवरचं बटण दाबून मग ओढा, नाहीतर पोर्टच हातात येईल. डीव्हीआय आणि व्हीजीएचे स्क्रू बोटांनी पिळा, पान्याने नको. एचडीएमआयला कुलूप नसतं, म्हणून केबल हवेत लोंबकळत ठेवू नका.

टप्पा ६: चित्र आलंच नाही तर

घाबरून ड्रायव्हर (ग्राफिक्स चालवणारं सॉफ्टवेअर) उडवायला जाऊ नका. या क्रमाने जा, एका वेळी एकच गोष्ट बदला.

पहिलं, मॉनिटरच्या बटणांनी इनपुट बदला, केबल डिस्प्लेपोर्टला आहे आणि मॉनिटर एचडीएमआयवर वाट बघतोय असं फार वेळा असतं. दुसरं, दोन्ही टोकं काढून परत लावा. तिसरं, कीबोर्डवर विंडोज आणि पी दाबा, तिथे "फक्त पीसी स्क्रीन" निवडलेलं असेल तर मॉनिटर काळाच राहणार. चौथं, विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा, एक बीप होईल, स्क्रीन लुकलुकेल, ग्राफिक्स नव्याने सुरू होतं. पाचवं, दोघांचेही प्लग काढून मिनिटभर थांबा. मग दुसरं भोक, मग दुसरी केबल, शक्यतो शेजाऱ्याची चालू असलेली.

तपासा: कॉम्प्युटर सुरू होताना कंपनीचं नाव दिसतं आणि विंडोज आल्यावर काळं होतं का? मग केबल बरी आहे, दोष ड्रायव्हर किंवा सेटिंगमध्ये. नावही दिसत नाही? मग भोक, केबल, इनपुट यातच शोधा.

टप्पा ७: चित्र आलं, पण काम संपलं नाही

इथे सगळे थांबतात आणि इथेच पैसे वाया जातात. विंडोज बरेचदा स्वतःहून ६० हर्ट्झवर बसतं. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले, तिथे रिफ्रेश रेट बदला. तुमचा आकडा यादीतच नसेल तर मागे कागदावर या, कुठली तरी कडी कमी पडतेय. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूतही एक कुलूप असू शकतं, काही मॉनिटर डिस्प्लेपोर्ट १.१ किंवा १.२ असं विचारतात, काही टीव्ही एचडीएमआयची पूर्ण क्षमता वेगळी चालू करायला लावतात, ती त्या त्या भोकापुरती असते.

टीव्हीला मॉनिटर केलंय आणि चारही कडा कापल्या जातायत, टास्कबार अर्धाच दिसतोय? टीव्हीच्या मेनूत ओव्हरस्कॅन बंद करा किंवा इनपुटचं नाव बदलून पीसी ठेवा. काळा रंग राखाडी, धुतल्यासारखा दिसतोय? ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये आरजीबीची रेंज लिमिटेड आहे, ती फुल करा. काळ्यावर लाल अक्षरं फाटल्यासारखी दिसतात? तर रंगाची माहिती कापून पाठवली जातेय, ४:४:४ किंवा आरजीबी निवडा, आणि ते निवडताच येत नसेल तर परत टप्पा ३. आणि हो, स्पीकर गप्प झाले तर ते बिघडले नाहीयेत, विंडोजने आवाज मॉनिटरकडे वळवलाय, खाली स्पीकरच्या चिन्हावरून परत फिरवा.

टप्पा ८: दोन दिवस नजर ठेवा

केबल परत करायची मुदत असते, तेवढ्यात तपासून घ्या. गडद चित्रावर पांढरे ठिपके चमकून जाणं, किंवा मधेच दोन सेकंद स्क्रीन काळी होऊन परत येणं, ही केबल काठावर असल्याची लक्षणं. खात्री करायला हर्ट्झ खाली आणा, १४४चे ६० करा. त्रास थांबला तर केबल किंवा अडॅप्टर बदला, मॉनिटर परत पाठवू नका. ६०वरही थांबला नाही तर दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा.

एक विचित्र प्रकार सांगून ठेवतो, कारण मलाही तो ऐकून हसू आलं होतं. एका मित्राची स्क्रीन तो खुर्चीवरून उठला की जायची. दरवेळी नाही, पण कोरड्या थंडीच्या दिवसात जास्त. गॅसवर वरखाली होणाऱ्या खुर्च्यांमधून उठता-बसताना स्थिर विजेचा झटका सुटतो, तो केबल पकडते आणि सिग्नल क्षणभर तुटतो. त्याने आधी मॉनिटर बदलला होता, मग कार्ड. शेवटी चांगल्या शिल्डिंगची आखूड केबल लावली, ती खुर्चीपासून लांब, टेबलाच्या मागून नेली आणि ते थांबलं.